दंड भरलात, पण अडचण सांगितलीत का?

(अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मघाशी चहाच्या रांगेत दोघांनी मला विचारलं, “आरोग्यविमा नसल्याचा तो दंड ट्रम्पच्या काळातच गेला ना?” गेला, पण केंद्र सरकारचा. ओबामांच्या 2010 च्या कायद्यातला दंड 2014 पासून लागू झाला आणि 2017 च्या करकायद्याने तो 2019 पासून शून्यावर आणला. कॅलिफोर्नियाने मात्र 1 जानेवारी 2020 पासून स्वतःचा दंड सुरू केला. न्यू जर्सीत आणि मॅसॅच्युसेट्समध्येही तो आहे, तिकडे भाचे-पुतणे असतील तर त्यांच्याही कानावर घाला. आपल्याकडचा 2023 चा हिशेब असा: मोठ्या माणसामागे किमान 900 डॉलर, मुलामागे 450, किंवा ठरावीक मर्यादेवरच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के. यातलं जे जास्त, ते. विमा जितके महिने नव्हता, तितक्या महिन्यांपुरतं.

हा दंड माफ कसा करून घ्यायचा, हा आजचा विषय. पण आधी एका घराची हकीकत सांगतो, कारण तिच्यामुळेच मी हा विषय घेऊन हिंडतोय.

टॅक्सच्या हंगामात मी मोफत मदतकेंद्रावर बसतो. तिथे एक ताई आल्या, सांगलीकडच्या. 2023 च्या मार्चमध्ये यजमानांची नोकरी गेली. ग्रीन कार्ड होतं, म्हणून एच-वन-बी व्हिसावाल्यांसारखी साठ दिवसांत नवी नोकरी शोधा नाहीतर देश सोडा, अशी टांगती तलवार नव्हती, एवढंच समाधान. कोब्रा घ्यावा, म्हणजे जुन्या कंपनीचाच विमा पुढे चालू ठेवावा, तर तिथे कंपनीचा वाटाही आपल्याच खिशातून. त्यात एप्रिलमध्ये सासऱ्यांना पक्षाघात झाला. साठवलेले पैसे तिकडे गेले, आणि इथे नवरा-बायको आणि मुलगी सप्टेंबरपर्यंत विम्याविना. पाच महिन्यांचा दंड झाला साधारण 940 डॉलर. टॅक्सवाल्याने सांगितलं, “भरून टाका, विषय संपवा.” त्यांनी भरला.

त्या माझ्याकडे आल्या होत्या पुढच्या वर्षाच्या रिटर्नसाठी. बोलता बोलता सासऱ्यांचा विषय निघाला. मी विचारलं, “हे कुणाला सांगितलं का नाही?” म्हणाल्या, “घरातलं रडगाणं सरकारला काय सांगायचं, दादा?”

माझी खरी तक्रार इथे आहे. हळदीकुंकवाला कुणाकडे काय वाढलं हे आपण महिनाभर सांगू, पण भाडं थकलं, वीज तोडायची नोटीस आली, हे सख्ख्या भावालाही कळू देत नाही. ती नोटीस आपण सगळ्यात आधी फाडतो, आणि दंडमाफीच्या अर्जाला नेमकी तीच लागते! ताईंनी फाडलं नव्हतं. पिशवीत दवाखान्याची बिलं होती, जांभळ्या शिक्क्याची, “आगाऊ जमा” असं हाताने लिहिलेली, आणि मेडिकलच्या दुकानातल्या पावत्या, टाचणीने एकत्र लावलेल्या. आम्ही टेबलावर तारखेप्रमाणे मांडल्या, शेजारी बँकेतून पैसे पाठवल्याच्या नोंदी ठेवल्या आणि प्रत्येक मराठी कागदाचं इंग्रजी केलं. अर्ज मंजूर झाला. पैसे परत आले. त्या रकमेपेक्षाही, आपली अडचण कुणीतरी खरी मानली, याचं त्यांना जास्त वाटलं.

आयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा आता भराभर सांगतो. अर्ज टॅक्स खात्याकडे नाही, कव्हर्ड कॅलिफोर्नियाकडे, म्हणजे राज्याच्या आरोग्यविमा बाजाराकडे करायचा. तिथे ग्राह्य कारणं बरीच आहेत: घर सोडण्याची नोटीस किंवा घरावर जप्ती, वीज-पाणी तोडण्याची नोटीस, घरगुती हिंसा, जवळच्या माणसाचा मृत्यू, आग किंवा पूर, दिवाळखोरी, न फिटलेलं दवाखान्याचं कर्ज, आजारी किंवा वृद्ध नातेवाइकाच्या देखभालीचा अचानक वाढलेला खर्च. मंजुरी आली की प्रमाणपत्राचा क्रमांक मिळतो. तो 3853 या फॉर्मवर लिहायचा. रिटर्न आधीच भरलं असेल तर शेड्यूल एक्स जोडून दुरुस्त करायचं. वेळेत भरलेल्या 2023 च्या रिटर्नचा परतावा मागायला एप्रिल 2028 पर्यंत मुदत आहे.

खंड सलग तीन महिन्यांचा किंवा कमी असेल तर या हार्डशिपच्या, म्हणजे अडचणीच्या कारणावरच्या अर्जाची गरजच नाही, ती सूट वेगळी आहे. चौथा महिना लागला की मात्र ती पूर्ण जाते. पुण्यातला मेडिक्लेम किंवा प्रवासविमा इथे विमा म्हणून धरत नाहीत, त्यावर विसंबू नका.

केंद्राचा 2014 ते 2018 मधला दंड कुणाच्या खात्यावर अजून पडून असेल, तर त्यासाठी घरावर बोजा किंवा बँक खात्यावर टाच आणता येत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. पण रिफंडमधून तो वळता होतो. तुम्हाला सूट लागू होती आणि तरी रिफंड वळता झाला, तर त्या तारखेपासून दोन वर्षांत दावा करा.

कागद आणले असतील त्यांनी मागच्या टेबलापाशी या. बिलं मराठीत असली तरी चालतील, भाषांतराला मी बसतो.