नेकारकाठचा ऑगस्ट

(दृश्य : हायडेलबर्गच्या जुन्या गावातला विद्यापीठ चौक. सकाळची वेळ. दगडी फरसबंदी, सायकली, पाठीला सॅक लावलेली मुलं.)

ऑगस्टमध्ये जर्मनीतली विद्यापीठं ओस पडतात. उन्हाळी सत्राची व्याख्यानं जुलैत आटोपलेली असतात आणि हिवाळी सत्राची ऑक्टोबरपर्यंत सुरू होत नाहीत. वर्ग रिकामे, वसतिगृहातल्या खोल्याही बऱ्याचशा रिकाम्या. या मोकळ्या जागेत महिनाभर एक वेगळीच शाळा भरते. तिला इथं 'फेरिएनकुर्स' म्हणतात, म्हणजे सुट्टीतला अभ्यासवर्ग. फ्रायबुर्ग, ट्यूबिंगेन, लाइपझिग, अशा बऱ्याच विद्यापीठांत उन्हाळी वर्ग असतात. आपण आलोय हायडेलबर्गला. १३८६ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं.

चौकात उभ्या असलेल्या या मुलांकडे पाहा. कोणी कोरियन, कोणी इटालियन, कोणी ब्राझीलहून आलेलं. आणि पुण्याहून आलेली ही एक मुलगी. पुण्यात जर्मन शिकणं काही नवलाचं नाही. रानडे इन्स्टिट्यूटचे वर्ग आहेत, मॅक्स म्युलर भवन आहे, शाळेत आठवीपासून संस्कृतऐवजी जर्मन घेणारीही आहेत. त्यामुळे ती थोडी निश्चिंत आहे. ही निश्चिंती फार तर तासभर टिकेल.

(दृश्य : परीक्षेचा कागद, अगदी जवळून.)

पहिल्या दिवशी चाचणी असते. कुणी कुठल्या वर्गात बसायचं ते तिच्यावर ठरतं. अशा चाचण्यांत एक प्रकार बराच चालतो, त्याचं नाव सी-टेस्ट. कागदावर साधासुधा उतारा असतो. पहिलं वाक्य धड. दुसऱ्या वाक्यापासून मात्र दर दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग खोडलेला. तो आपण भरायचा. शब्दाचं डोकं दिसतं, शेपूट दिसत नाही, आणि जर्मनचं निम्मं व्याकरण शेपटात. पाठांतरावर उत्तम गुण मिळवलेल्यांचं पितळ इथं उघडं पडतं. बी-वन ही पातळी पास होऊन आलेला एखादा तिच्या खालच्या ए-टूच्या वर्गात बसलेला दिसला, तर त्याला फार प्रश्न विचारू नयेत.

खरं तर मराठी माणसाकडे दोन गोष्टी आयत्या असतात. तीन लिंगं आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेली. तो, ती, ते; तिकडे डेअर, डी, डास. इंग्रजीच काय, हिंदीवालाही नपुंसकलिंगापाशी अडखळतो. अर्थात कुठल्या वस्तूचं लिंग कोणतं, ते पाठच करावं लागतं. दुसरी गोष्ट वाक्याच्या शेवटी येणारं क्रियापद. जर्मनमध्ये 'कारण' म्हटलं की क्रियापद मुकाट्यानं शेवटी जातं. इंग्रजी बोलणाऱ्यांना याचा केवढा जाच होतो! आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही.

आडवी येते ती विभक्ती. शाळेत घोकलेलं कोष्टक आठवा. द्वितीया : स, ला, ते, स, ला, ना, ते. चतुर्थी : स, ला, ते, स, ला, ना, ते. 'मी त्या माणसाला पाहिलं', 'मी त्या माणसाला पुस्तक दिलं'. दोन्हीकडे 'माणसाला'च. जर्मन मात्र पाहताना 'देन' म्हणतो आणि देताना 'देम'. त्यातून जागा दाखवणारे शब्द आले की आणखी पंचाईत. मेन्झा म्हणजे विद्यापीठाची खाणावळ. मेन्झात जायचं असेल तर 'इन डी मेन्झा', द्वितीया. मेन्झात बसून जेवायचं असेल तर 'इन डेअर मेन्झा', चतुर्थी. मराठीत जा नाही तर जेवा, 'मेन्झात'च. आपल्या मुलीची वही पाहिलीत तर लाल शाईच्या बहुतेक खुणा या एकाच ठिकाणी सापडतील.

(दृश्य : नव्या विद्यापीठ इमारतीचं दार. दारावर ग्रीक विद्यादेवी पॅलस अथेनाचा पुतळा आणि कोरलेली अक्षरं.)

चतुर्थीचं सगळ्यांत ठळक उदाहरण वर्गाच्या दारावरच कोरलंय. ही इमारत १९३१ मधली, अमेरिकन देणग्यांतून उभी राहिलेली. दारावरची ओळ प्राध्यापक फ्रीडरिश गुंडोल्फ यांची : 'देम लेबेंडिगेन गाइस्ट'. जिवंत चैतन्याला अर्पण. गुंडोल्फ जन्मानं ज्यू होते. नाझींच्या काळात 'जिवंत' हा शब्द काढून तिथं 'जर्मन' हा शब्द बसवला गेला. युद्धानंतर मूळ ओळ परत आली. आज जगभरातून आलेली मुलं जर्मन शिकायला याच दारातून आत जातात.

(दृश्य : नेकार नदी, जुना पूल, वर डोंगरावर पडका किल्ला.)

उन्हाळ्यात जर्मन शिकायला इथं येण्याची रीत तशी जुनी आहे. १९०७ च्या उन्हाळ्यात तिशीला टेकलेला एक तरुण केंब्रिजहून इथं आला. म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट घ्यायची होती आणि त्यासाठी जर्मन हवं होतं. त्याचं नाव महंमद इक्बाल. एमा वेगेनास्ट नावाच्या शिक्षिकेकडे तो जर्मन शिकला, नेकारकाठच्या संध्याकाळीवर त्यानं उर्दूत कविता लिहिली, आणि आज नदीकाठच्या एका रस्त्याला त्याचं नाव आहे.

त्याच्या आधी, १८७८ साली, अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथं मुक्कामाला होता. पुढं त्यानं जर्मन व्याकरणाविरुद्ध लांबलचक तक्रार लिहिली. मुलीला नपुंसकलिंगी ठरवणाऱ्या भाषेवर तो भारी वैतागला होता. 'गोड पोरगं आहे हो!' असं मुलीलाही म्हणणाऱ्या आपल्या लोकांना त्यात वैतागण्यासारखं काय आहे, ते कळणार नाही.

(दृश्य : दुपार. बेकरीचा काउंटर.)

सकाळी वर्ग, दुपारी उच्चारांचा सराव किंवा एखादं व्याख्यान. जेवण मार्स्टालमध्ये. हे जुन्या शस्त्रागाराच्या इमारतीत थाटलेलं मेन्झा. ताटात हवं ते वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. मग गावात जायचं. तिथं खरी निराशा होते. मनातल्या मनात तीन वेळा जुळवलेलं वाक्य बेकरीत म्हणावं, तर समोरून उत्तर इंग्रजीत. हे पर्यटकांचं गाव. शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतर २०१३ पर्यंत अमेरिकन लष्कराचं मोठं ठाणं इथं होतं. इंग्रजी लोकांच्या अंगवळणी पडलेलं. आणि एखाद्या आजोबांनी जर्मनमध्ये उत्तर दिलंच, तर ते या भागातल्या बोलीत. पुस्तकातलं 'निष्ट', म्हणजे 'नाही', इथं 'नेट' होतं, 'मी'साठी शिकलेला तो नाजूक उच्चार सरळ 'इश' होतो. सदाशिव पेठेत मराठी शिकून कोल्हापुरात उतरल्यासारखं.

मग जर्मन बोलायचं कुणाशी?

(दृश्य : वसतिगृहाचं सामाईक स्वयंपाकघर. संध्याकाळ.)

इथं. या स्वयंपाकघरात. आपल्या मुलीनं बरोबर आणलेली मोहरी काढलीय. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. इटालियन मुलगा खिडकीकडे धावला, कोरियन मुलगी खुर्चीवर चढून टॉवेल हलवतेय. त्या दोघांचंही इंग्रजी धड नाही. तेव्हा सगळी आरडाओरड जर्मनमध्ये. लिंगं चुकतात, विभक्त्या कोसळतात, पण काम होतं. थोड्या वेळानं इमारतीचा व्यवस्थापक येतो आणि झाला प्रकार त्याला भूतकाळात सांगावा लागतो. फोडणी म्हणजे काय, ती का द्यावी लागते, धूर म्हणजे आग का नव्हे. बिचारा शांतपणे ऐकून घेतो. असा तोंडी सराव वर्गात मिळत नाही.

स्पष्टच सांगायचं तर, या वर्गांची खरी किंमत आपल्याइतकंच मोडकं जर्मन बोलणाऱ्या सोबत्यांत आहे. त्यांच्यासमोर लाज वाटत नाही आणि त्यांच्याशी बोलायला दुसरी सामाईक भाषाही नसते. म्हणून चार भारतीय मुलं एकत्र येऊन हिंदी-इंग्रजीत गप्पा मारत महिना काढतात तेव्हा वाईट वाटतं. तेवढ्यासाठी एवढा विमानप्रवास कशाला? आणि अगदी कोऱ्या पाटीनं येण्यातही फारसा अर्थ नाही. आधी घरी दोनेक पायऱ्या चढून मग यावं. महिनाभरात तोंड उघडतं, पण पाया घातला जात नाही.

व्यवहाराचं थोडक्यात. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, म्हणजेच डाड, विद्यार्थ्यांना अशा वर्गांसाठी शिष्यवृत्ती देते. अर्ज आदल्या वर्षीच करावा लागतो. महिन्याभरासाठी शेंगेन व्हिसा पुरतो. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच बाजारहाट उरका. प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात बाटली टाकून ती परत घ्या.

(दृश्य : ग्रंथालय. कपाटांच्या रांगा.)

शेवटच्या आठवड्यात आपली मुलगी ग्रंथालयात आलीय. या विद्यापीठात १९६२ पासून दक्षिण आशिया संस्था आहे. तिथले अभ्यासक गुंथर सोंथायमर आपल्याकडे येऊन धनगरांमध्ये राहिले, त्यांच्या ओव्या टिपून घेतल्या, खंडोबाचा माग काढत हिंडले. त्यांचा मोठा ग्रंथ १९७६ साली निघाला, जर्मनमध्ये. तोच तिनं हातात घेतलाय. शीर्षकात चार शब्द : बिरोबा, म्हस्कोबा उंड खंडोबा. तीन तिला लहानपणापासून येतात. चौथा 'उंड', म्हणजे 'आणि', तो पहिल्याच धड्यात होता. खालच्या उपशीर्षकात मात्र लगेच चतुर्थी आलीय, आणि ती वही उघडतेय.