जे तो बोललाच नव्हता

(काळा पडदा. प्रेक्षागृहातल्या टाळ्या. हळूहळू जुन्या व्हिडिओची खरखर.)

दहा हजार डॉलर.

बॉब यूबँक्सनं हे बक्षीस जाहीर करून ठेवलं होतं. काम एकच, त्याच्याच कार्यक्रमातली एक टेप शोधून आणायची. त्या टेपमध्ये एक नवी नवरी कॅमेऱ्यासमोर असं काही बोलून जाते की ऐकणारा चहा सांडेल, असं अर्धी अमेरिका छातीठोकपणे सांगत होती. कुणाच्या मावशीनं ते पाहिलं होतं, कुणाच्या शेजाऱ्यानं. यूबँक्सचं म्हणणं इतकंच की सूत्रसंचालक मी होतो, समोर मी उभा होतो, आणि असं काही घडलेलं नाही.

ही त्या टेपची गोष्ट. आणि त्याच जातीच्या आणखी एकदोन गोष्टी.

(दृश्य: साठच्या दशकातला दिवाणखाना, कोपऱ्यात लाकडी पेटीतला टीव्ही.)

११ जुलै १९६६, सोमवारची दुपार. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा व्हिएतनामवर पत्रकार परिषद घेत होते. सीबीएस वाहिनीनं आपला नेहमीचा खेळ बाजूला ठेवून ती थेट दाखवली. एबीसीनं दाखवली नाही. युद्धाच्या बातम्यांना विटलेल्या माणसानं खटका फिरवला, तर पडद्यावर चार जोडपी ओळीनं बसलेली आणि अठ्ठावीस वर्षांचा एक हसरा पोरगा त्यांना नको ते विचारतोय. ‘द न्यूलीवेड गेम’चा तो पहिला दिवस. मॅकनमारांनी नकळत केलेली याहून मोठी जाहिरात दुसऱ्या कुठल्याही खेळाच्या वाट्याला आली नसेल.

हा पोरगा म्हणजे यूबँक्स. आधी लॉस एंजेलिसच्या रेडिओवर गाणी लावायचा. १९६४ मध्ये बीटल्सना हॉलिवूड बोलमध्ये आणायचं म्हणून पंचवीस हजार डॉलर उभे करायला त्यानं घर गहाण टाकलं होतं. म्हणजे डाव लावण्याची सवय जुनीच.

खेळ असा. आधी बायकांना आत पाठवायचं आणि नवऱ्यांना प्रश्न विचारायचे: बायको काय उत्तर देईल? मग बायका बाहेर येतात, तेच प्रश्न, आणि नवरे पुठ्ठ्यावर लिहिलेलं उत्तर वर करतात. नंतर याच्या उलट. जुळलं तर गुण. नाही जुळलं तर तोच पुठ्ठा नवऱ्याच्या डोक्यात. बक्षीस काय, तर कपडे धुण्याचं यंत्र नाहीतर दिवाणखान्याचं फर्निचर. एवढ्यासाठी माणसं आपली शेजघराची गुपितं देशासमोर मांडत होती.

आपल्याकडेही नवरा-बायकोंना समोर बसवून खेळ झाला. २००४ पासून आदेश बांदेकर पैठणी घेऊन घरोघरी फिरले. पण ते ‘भावोजी’ होते. एकदा भावोजी म्हटलं की काय विचारायचं आणि कुठे थांबायचं हे नात्यानंच ठरवून टाकलं. यूबँक्स कुणाचाच कुणी नव्हता. परक्या माणसाला लोक जे सांगतात ते घरच्याला सांगत नाहीत, हे निर्माता चक बॅरिसला पक्कं ठाऊक होतं.

अडचण एकच होती, वाहिनीचे सेन्सॉर. शरीरसंबंध हा शब्द दुपारच्या टीव्हीवर चालत नव्हता. म्हणून त्याजागी ‘मेकिंग हूपी’ हा जुना, चावट, पण निरुपद्रवी वाटणारा शब्दप्रयोग आला. यूबँक्सनं तो इतक्यांदा वापरला की तो त्याच्याच नावावर जमा झाला. सेन्सॉर खूश, प्रेक्षकही खूश. मुळात गंमत त्या शब्दात नव्हतीच. शब्द झाकलेला होता म्हणून उत्तर देणारा उघडा पडायचा.

(दृश्य: १९७७चा रंगीत सेट, चार जोड्या खुर्च्या.)

दंतकथा अशी सांगितली जायची: यूबँक्स विचारतो, हूपीसाठी तुम्ही वापरलेली सर्वांत विचित्र जागा कोणती? आणि एक बाई जराही न अडखळता शरीराचा एक अवयव सांगते. ज्यावर आपण बसतो तो. वर ‘बॉब’ म्हणून त्याला नावानं हाकही मारते.

वर्षानुवर्षं हा विनोद पार्ट्यांत, कॉलेजांच्या वसतिगृहांत फिरला. यूबँक्स जिथे जाईल तिथे लोक विचारायचे, आणि तो नाकारायचा. बक्षीस लावूनही टेप आली नाही. याचं कारण तो खोटारडा होता असं नाही. तपासायचं कसं, हाच प्रश्न होता. घरी कार्यक्रम टेप करण्याची यंत्रं सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जेमतेम बाजारात येत होती. आणि वाहिन्या काय करत होत्या? दोन इंच रुंदीची व्हिडिओटेप महाग पडायची. दुपारचा खेळ एकदा दाखवून झाला की संपला. मग तीच टेप पुसून तिच्यावर दुसरं काहीतरी. आपली आजी पाटी पुसून त्यावरच पुन्हा बेरीज मांडायची, तसंच. त्या काळातले हजारो तास असे गेले. त्यामुळे ‘मी पाहिलंय’ म्हणणाऱ्याला खोटं पाडायची सोय नव्हती, खरं ठरवायचीही नव्हती.

२००२ मध्ये बॅरिसच्या आयुष्यावर जॉर्ज क्लूनीनं दिग्दर्शित केलेला सिनेमा आला. त्यात जुन्या कार्यक्रमाचा एक तुकडा होता. १९७७चा.

तुकडा नीट पाहा.

यूबँक्सचा प्रश्न बायकांना आहे: हूपीची इच्छा तुम्हाला सर्वांत विचित्र अशा कोणत्या ठिकाणी झाली? एका बाईच्या नवऱ्याचं उत्तर होतं हायवे. बाई गोंधळलेली. विचार करतेय. मग बिचकत, प्रश्नार्थक सुरात, ती तो अवयव सांगते, आणि त्या शब्दावर बीप वाजते. यूबँक्स हसत हसत तिला समजावतो की नाही, नाही, मला ठिकाण म्हणायचंय. जागा.

म्हणजे घडलं होतं. पण लोक सांगत होते तसं नव्हे. तो ठसका नव्हता, ते ‘बॉब’ नव्हतं, आणि शब्दही वेगळा होता. पंचवीस वर्षं लोकांनी एका बिचकलेल्या बाईचं अडखळणं घासूनपुसून चटकदार वाक्य केलं होतं. यूबँक्स तसं काही घडलंच नाही म्हणत होता, आणि त्या वाक्यापुरता तो बरोबर होता. त्या बाईची मात्र मला कीव येते. तिनं प्रश्न नीट ऐकला नाही, बस.

(दृश्य: लांबलचक, सळईसारखा बारीक मायक्रोफोन. तो धरलेला हात.)

आता उलट प्रकार. सूत्रसंचालकाचीच जीभ घसरली, आणि टेपही शाबूत आहे.

जीन रेबर्न. ‘मॅच गेम’. १९७३ पासून सीबीएसवर, आणि लवकरच दुपारचा सर्वांत लोकप्रिय खेळ. सहा नामवंत मंडळी दोन ओळींत बसलेली, रेबर्न गाळलेली जागा असलेलं वाक्य वाचतो, आणि ती जागा सगळे भरतात. गाळलेली जागा नेहमी अशी असायची की सभ्य उत्तर सुचायला वेळ लागावा. एका दिवसात अनेक भाग चित्रित व्हायचे, मध्ये जेवणाची सुट्टी, आणि जेवणासोबत प्यायलाही असायचं. सुट्टीनंतरचे भाग जरा सैल का वाटतात, ते पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

एका भागात रेबर्न एका तरुण स्पर्धक मुलीच्या गालावरच्या खळ्यांचं कौतुक करायला गेला. इंग्रजीत खळी म्हणजे डिंपल. त्याला म्हणायचं होतं डिंपल्स. तोंडातून आलं निपल्स.

मराठीत ही आपत्ती आली नसती. ‘खळी’च्या आसपास कळी, गळी, नळी असली साधी माणसं राहतात.

पण हे का होतं? अमेरिकेतल्या संशोधकांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत हे प्रयोगशाळेत करून पाहिलं. मायकेल मोटली आणि बर्नार्ड बार्स ही त्यातली प्रमुख नावं. लोकांना शब्दांच्या जोड्या भराभर दाखवायच्या आणि अचानक म्हणायचं, ही जोडी मोठ्यानं वाचा. जोड्या अशा रचलेल्या की अक्षरांची अदलाबदल व्हावी. जिथे अदलाबदलीतून साधे शब्द तयार होत, तिथे जीभ बऱ्याचदा घसरली. जिथे अश्लील शब्द तयार होणार होता, तिथे कमी वेळा. मजा पुढे आहे. वाचणारा घसरला नाही तरी अशा वेळी त्याच्या त्वचेवरचा घाम मोजणारं यंत्र हललं. म्हणजे तो शब्द आत तयार झाला होता. कुणीतरी दारातच अडवला.

मनात बसलेला संपादकच म्हणा. रेबर्नचा त्या दिवशी जेवायला गेला असावा.

(मधला छोटा तुकडा: सर्वेक्षणाच्या उत्तरांचा फळा उघडतोय.)

रिचर्ड डॉसनचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ‘फॅमिली फ्यूड’वर त्यानं विचारलं, बाई गरोदर आहे हे कोणत्या महिन्यात दिसू लागतं? उत्तर आलं, सप्टेंबर. डॉसन हसायला लागला आणि पुढचं वाचताच येईना. त्याच्या सगळ्या हजरजबाबी वाक्यांपेक्षा ते हसणंच लोकांच्या लक्षात राहिलं.

(दृश्य: जाड मिशा, चष्मा, सिगार. वरून दोरीला लटकत एक बदक खाली येतं.)

आणि आता सगळ्यांचा आजोबा. विनोदी नट ग्राउचो मार्क्स.

‘यू बेट युवर लाइफ’ १९४७ मध्ये रेडिओवर सुरू झाला, १९५० मध्ये टीव्हीवर आला, १९६१ पर्यंत चालला. प्रश्नमंजूषा नावापुरती. स्पर्धक बोलताबोलता गुप्त शब्द उच्चारला की चोचीत नोट धरून बदक खाली यायचं, शंभर डॉलर. सगळं हरलात तरी रिकाम्या हाती पाठवायचं नाही म्हणून ग्राउचो विचारायचा, ग्रँटच्या समाधीत कुणाला ठेवलंय? आपल्याकडे लोकमान्य टिळक टर्मिनस कुणाच्या नावाचं, असं विचारल्यासारखं.

खरा खेळ स्पर्धकाशी मारलेल्या गप्पांचा. ग्राउचोच्या तोंडाचा नेम नाही हे निर्मात्यांना माहीत होतं. म्हणून थेट प्रक्षेपणाच्या त्या जमान्यात हा कार्यक्रम आधी फिल्मवर चित्रित व्हायचा. अर्ध्या तासाच्या भागासाठी जवळजवळ तासभर गप्पा, मग कात्री. जे चावट ते जमिनीवर. आणि फिल्म असल्यामुळे, यूबँक्सच्या टेपांसारखे हे भाग पुसले गेले नाहीत. भरपूर शिल्लक आहेत.

तरीही ग्राउचोचं सर्वांत गाजलेलं वाक्य त्यांत नाही.

ते तुम्हीही ऐकलं असेल. स्पर्धकाला ढीगभर मुलं. ग्राउचो विचारतो, इतकी का? उत्तर येतं, माझं जोडीदारावर प्रेम आहे. ग्राउचो म्हणतो, प्रेम माझंही सिगारवर आहे, पण मी ती अधूनमधून तोंडातून काढतो.

मुलांच्या गर्दीवरच्या त्याच्या गप्पा खरोखरच सापडतात. एक तरुणी सांगते, आम्ही सतरा भावंडं. वडलांना याचं काय वाटतं? त्यांना मुलं आवडतात. यावर ग्राउचो म्हणतो, मला पॅनकेक आवडतात, पण म्हणून मी कपाटं भरून ठेवलेली नाहीत. उत्तम वाक्य. निर्मळ, कात्रीतून वाचणारं. आणि सिगारच्या वाक्याइतकं कुणालाच माहीत नाही.

सिगारवाल्यांच्या बाजूनं एक पुरावा आहे. १९७६ मध्ये ग्राउचोच्या नावावर, दुसऱ्या लेखकाच्या साथीनं निघालेल्या या कार्यक्रमाच्या आठवणींत तो किस्सा खरा म्हणून सांगितलाय. तेव्हा ग्राउचो पंच्याऐंशीचा होता, थकलेला.

पण त्याआधी चार वर्षं, १९७२ मध्ये, एस्क्वायर मासिकासाठी सिनेसमीक्षक रॉजर इबर्टनं त्याची मुलाखत घेतली. तीत ग्राउचोनं हे वाक्य स्वतःहून काढलं आणि सांगून टाकलं की मी असं कधीच बोललो नाही. न बोललेल्या गोष्टींचं श्रेय मला सारखं मिळतं, असंही तो म्हणाला. वर ताजं उदाहरण दिलं: गेल्याच आठवड्यात रीडर्स डायजेस्टकडून पंचवीस डॉलर आले होते. त्याच्या एका वाक्याबद्दल. जे तो बोललाच नव्हता.

(बदक वर जातं. नोट अजून चोचीतच.)