आधी केसपेपर, मग कोड

(ठाण्यात हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आरोग्य माहिती व्यवस्थापन म्हटलं की तुमच्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांसमोर ऐरोलीची आयटी पार्कं येतात आणि उरलेल्यांच्या डोळ्यांसमोर तळमजल्यावरची, धुळीनं भरलेली रेकॉर्ड रूम. दोन्ही खरं आहे. पण हा विषय सुरू होतो त्याच्या आधी, नोंदणीच्या खिडकीवर. तिथे चुकलेली गोष्ट पुढे कुठलंही सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही.

पेशंट आला की त्याला एक कायमचा नंबर मिळतो, यूएचआयडी. एका माणसाला एकच नंबर, हा नियम. प्रत्यक्षात कळवा-मुंब्र्याकडून आलेला ‘सय्यद’ रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिला जातो. बाई एकदा माहेरच्या नावानं येते, पुढच्या वेळी सासरच्या. जन्मतारखेवर विसंबावं, तर आपल्याकडे शाळेत नाव घालताना सर्रास १ जून लिहिलेला असतो. नुसत्या तारखेवर शोधलं की यादीच्या यादी समोर येते. म्हणून नवा नंबर देण्याआधी मोबाइल नंबर, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि जन्मतारीख, तिन्हीनं शोधायचं. खिडकीवर रांग असते, कारकून घाईत ‘न्यू’ दाबतो, आणि पेनिसिलीनची ॲलर्जी जुन्या नंबरात अडकून राहते. डॉक्टरसमोर उघडतो तो कोरा नंबर. डुप्लिकेट नंबरांची यादी दर आठवड्याला काढून ते एकत्र करणं, हे एमआरडीचं, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागाचं, काम आहे आणि ते टाळलं जातं.

डिस्चार्जनंतर फाइल वॉर्डातून खाली येते. कागद ठरलेल्या क्रमानं लावायचे आणि मग उणिवा शोधायच्या: ऑपरेशन नोटवर सही आहे का, वेळ आहे का, संमतीपत्रावर शस्त्रक्रियेचं नाव लिहिलंय की जागा कोरी सोडून पेशंटची सही घेतली आहे, ते मराठीत आहे की पेशंटला न कळणाऱ्या भाषेत. उणीव सापडली की चिठ्ठी लावून फाइल डॉक्टरकडे परत पाठवायची. सगळ्यात जास्त त्रास होतो तो वेळांचा. सर्जनच्या नोटमध्ये ऑपरेशन १०.३० ला सुरू, भूलतज्ज्ञाच्या चार्टवर १०.५०, सिस्टरच्या नोंदीत ११.००. टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे तपासणाऱ्या संस्थेचा, माणूस हेच आधी बघतो. त्याची दुसरी आवडती क्वेरी, म्हणजे शंका, रक्तदाबाची: एका पानावर ‘१० वर्षांपासून’, दुसऱ्यावर ‘२ वर्षांपासून’, आणि पॉलिसी ३ वर्षांची. आजार पॉलिसीच्या आधीचा की नंतरचा, यावर दावा लटकतो. चूक दुरुस्त करायची तर शब्दावर एक आडवी रेघ, बाजूला सही, तारीख, वेळ. खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर लावलेलं पान कोर्टात उभं राहत नाही.

आता कोडिंग, म्हणजे निदानाला ठरलेला कोड देणं. हे कोड येतात आयसीडी-१० मधून, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणातून. त्याचे तीन खंड आहेत: पहिल्यात कोडची यादी, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात वर्णानुक्रम. शोधायचं तिसऱ्यात, खात्री करायची पहिल्यात. मांडीचं हाड मोडलं तर ‘मांडी’खाली शोधायचं नाही, ‘फ्रॅक्चर’खाली शोधायचं. मग पहिल्या खंडात वगळण्याच्या सूचना वाचायच्या. गरोदर बाईला आधीपासून टाइप २ मधुमेह असेल तर ई ११ चालत नाही, तिथे स्वच्छ लिहिलंय की ओ २४ कडे जा. नवशिके ही सूचना हमखास उडवतात, कारण ई ११ त्यांना पाठ असतो. कोड टाकताना ‘ओ’ अक्षराच्या जागी शून्य आणि ‘आय’च्या जागी एक टाइप होतो, तेही डोळ्यांत तेल घालून बघा.

ऐरोलीत नोकरी करणाऱ्यांनी एक फरक पक्का करावा. तिथे अमेरिकेच्या हॉस्पिटलांसाठी आयसीडी-१०-सीएम चालतं, जे अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे आणि ज्याचे कोड सात अंकाक्षरांपर्यंत जातात. आपल्याकडच्या हॉस्पिटलांत जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आवृत्ती. पावसाळ्यातला आपला डेंग्यू घ्या. मूळ आवृत्तीत तो आता ए ९७ मध्ये आहे आणि धोक्याची लक्षणं नसलेला, असलेला, तीव्र असे त्याचे पोटभाग आहेत. सीएममध्ये मात्र तो अजून ए ९० आणि ए ९१ आहे. कंपनीत शिकलेला कोड हॉस्पिटलात जसाच्या तसा वापरलात तर पंचाईत. पुढची आवृत्ती, आयसीडी-११, सुद्धा १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलं आहे, पण पाया पक्का करायला आज आयसीडी-१०च बरं, असं माझं मत.

डेंग्यूचाच विषय निघालाय म्हणून ‘क्वेरी डेंग्यू’बद्दल. दाखल करताना केसपेपरवर प्रश्नचिन्ह घालून डेंग्यू लिहितात. एनएस१ ही डेंग्यूची रक्तचाचणी निगेटिव्ह येते, पेशंट बरा होऊन घरी जातो, आणि डिस्चार्ज कार्डावर प्रश्नचिन्ह तसंच. लॅबचा रिपोर्ट बघून कोडरनं स्वतः निदान ठरवायचं नाही. एनएस१ तापाच्या साधारण पहिल्या पाच दिवसांत उपयोगी. सहाव्या-सातव्या दिवशी निगेटिव्ह आलं म्हणून डेंग्यू नव्हता असं होत नाही, आयजीएम ही अँटिबॉडीची चाचणी बघावी लागते. ते बघणारा डॉक्टर. तुम्ही लेखी विचारायचं: अंतिम निदान काय?

मृत्यूच्या कारणाचा दाखला हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित कागद आहे. हॉस्पिटलमधल्या मृत्यूसाठी फॉर्म ४, बाहेरच्या मृत्यूसाठी ४ ए. पहिल्या भागात वरून खाली साखळी लिहायची: ‘अ’ म्हणजे तात्काळ कारण, ‘ब’ त्यामागचं, ‘क’ मुळातलं. उदाहरणार्थ: अ, सेप्टिक शॉक, २ दिवस, ब, पायाचं गँगरीन, ३ आठवडे, क, टाइप २ मधुमेह, १२ वर्षं. आकडेवारीत मोजलं जातं ते मूळ कारण, म्हणजे इथे मधुमेह. आणि बहुतेक दाखल्यांत काय सापडतं? ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’. हृदय आणि श्वास थांबल्याशिवाय कोण मरतं? तो आय ४६.९ मध्ये जाऊन पडतो आणि शहरात माणसं कशानं मरतात हे कुणालाच कळत नाही. रात्री दोन वाजता नवा रेसिडेंट हा फॉर्म भरतो. त्याला वेळेत दहा मिनिटं समजावणं हे एमआरडी अधिकाऱ्याचं खरं कौशल्य.

आकड्यांकडे येतो. १०० खाटांचं हॉस्पिटल, जुलै महिना, म्हणजे ३१०० खाटादिवस. रोज मध्यरात्रीच्या सेन्ससची, म्हणजे दाखल पेशंटांच्या मोजणीची, बेरीज २७९०, तर भरलेपण ९० टक्के. डिस्चार्ज आणि मृत्यू मिळून ६२०, त्यांच्या मुक्कामाचे एकूण दिवस २७२८, तर सरासरी मुक्काम ४.४ दिवस. रिकामे खाटादिवस ३१०, भागिले ६२०, म्हणजे दोन पेशंटांच्या मध्ये खाट सरासरी अर्धा दिवस रिकामी. एवढ्यात झाडलोट, चादर बदलणं आणि बिल, सगळं उरकावं लागतं. हिशेब सोपा, घोळ वेगळीकडे होतो. सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी गेलेला पेशंट मध्यरात्रीच्या मोजणीत येत नाही; त्याचा एक दिवस वेगळा धरावा लागतो. आयसीयूतून वॉर्डात हलवलेला चुकून दोन्हीकडे मोजला जातो. नवजात बाळांचे पाळणे खाटांत धरायचे नाहीत. आणि जुलैत व्हरांड्यात २० जादा खाटा टाकल्या, त्या महिनाभर भरल्या, तर बेरीज ३४१० होते आणि भरलेपण ११० टक्के. व्यवस्थापन म्हणतं, आकडा चुकला. आकडा बरोबर आहे. अहवालात खाली एक ओळ लिहा की जादा खाटा किती होत्या आणि किती दिवस.

कायद्याचं थोडक्यात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं रेकॉर्ड जपायचं आणि पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं. घोडबंदर रोडवरच्या अपघाताची फाइल एमएलसी, म्हणजे पोलिसांशी संबंध येणारी मेडिको-लीगल केस, असते. ती वेगळ्या कुलपात, आणि खटला संपेपर्यंत तीन वर्षांचा हिशेब विसरा. पोलिसांना प्रत द्यायची ती पोच घेऊन. नातेवाईक कितीही ओळखीचे निघाले तरी पेशंटच्या संमतीशिवाय फोटो काढू द्यायचा नाही. १४ अंकी आभा नंबर, म्हणजे पेशंटचा सरकारी डिजिटल आरोग्य क्रमांक, जोडतानाही हेच. रेकॉर्ड पेशंटच्या संमतीनं पुढे जातं, हॉस्पिटलच्या सोयीनं नाही.

कोर्स निवडताना दोनच गोष्टी विचारा: प्रत्यक्ष हॉस्पिटलच्या एमआरडीत किती आठवडे बसवणार, आणि हातानं किती फाइली कोड करून घेणार. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्यानं आरोग्य माहिती व्यवस्थापनाला स्वतंत्र गट म्हणून मान्यता दिली आहे, त्यामुळे पदवी मान्यताप्राप्त आहे का हेही तपासा. सहा महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्यांना पहिला प्रश्न विचारला की ते फोन ठेवतात.

पुढच्या वेळी येताना घरातली दोन जुनी डिस्चार्ज कार्डं आणा, नावं खोडून. निदानाखाली रेघ मारा आणि ते कुठल्या शब्दाखाली शोधाल तो शब्द बाजूला लिहा. कोड लिहू नका, फक्त शब्द.