तिसरीच्या हृदयाने दिलेली साक्ष

नमस्कार श्रोतेहो. सेरोटोनिन म्हटलं की लोक ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात. मला हे बिरुद मुळीच पटत नाही. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात बनतं आणि रक्तातल्या प्लेटलेट्स ते साठवून ठेवतात. जखम झाली की प्लेटलेट्स ते सोडतात आणि तिथली रक्तवाहिनी आवळते. या आवळण्यामुळेच ते 1948 साली अमेरिकेत, क्लीव्हलंडला, रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज या संशोधकांच्या हाती लागलं, गुरांच्या रक्तातून.

आता बेटी ट्वारॉगची गोष्ट सांगतो. हार्वर्डची ही विद्यार्थिनी शिंपल्यांवर काम करायची. शिंपल्याचा स्नायू तासन्‌तास आवळलेला राहतो, मग सैल कशाने पडतो? सेरोटोनिनने, असं तिला दिसलं. शिंपल्याला जे लागतं, ते कुत्र्या-सशाच्या मेंदूतही असणार, असं तिच्या मनाने घेतलं. 1952 साली ती पेजकडे गेली. त्यांना हे फारसं पटलं नव्हतं, तरी त्यांनी तिला प्रयोगशाळा दिली. तरुण माणसाला जागा द्यावी, कामाला लावावं, शंका मागाहून काढाव्यात. आपल्या कॉलेजांनी एवढं केलं तरी पुष्कळ होईल.

मेंदूच्या अर्कात सेरोटोनिन आहे हे ओळखायचं कसं? तर तिसरीच्या हृदयाने! आपण कालवणात घालतो त्या तिसऱ्यांच्याच कुळातला एक अमेरिकन शिंपला. त्याचं इवलंसं हृदय बाहेर काढून खाऱ्या पाण्यात टांगलं, तरी ते धडधडत राहतं. पाण्यात सेरोटोनिनचा अगदी अंश पडला, तरी ठोके जोरकस होतात. कुत्रा, उंदीर, ससा, तिघांच्या मेंदूचा अर्क तिने तपासला आणि सेरोटोनिन सापडलं! 1953 साली हे छापून आलं. पुन्हा सांगतो: मेंदूतल्या सेरोटोनिनची साक्ष दिली ती शिंपल्याच्या हृदयाने.

मग मेंदूत हे सेरोटोनिन करतं काय? श्वासाचंच घ्या. मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वर, सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की त्या श्वासाला जोर देतात. या पेशींवाचून जन्मलेल्या उंदरांच्या पिल्लांचा श्वास मध्येच थांबतो, आणि बरीच पिल्लं दगावतात. उलट मांजराच्या शिरेत एकदम सेरोटोनिन टोचलं, तर श्वास क्षणभर थांबतो, हृदय मंदावतं, रक्तदाब उतरतो. म्हणजे मेंदूत ते श्वास चालू ठेवतं आणि रक्तात एकदम वाढलं की तोच श्वास अडवतं. लक्षात ठेवा, रसायन एकच. ते कुठे सुटतं त्यावर सगळं अवलंबून.