दहा वर्षांची गॅरंटी आणि केडगावची जमीन

(इंग्लंडमधल्या स्विंडनच्या आमच्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलंय, माईकची कुरकुर आणि मधल्या गप्पा तेवढ्या काढल्यात.)

नमस्कार मंडळी, आणि आमच्या नगर-मिरज-सोलापूरकडच्यांना सलाम!

कमिटीने मला सांगितलं की ताई, तुम्ही दर वर्षी नाताळचा केक आणता, यंदा केकबरोबर चार शब्द पण आणा. मी विचारलं, देवाबद्दल बोलले तर चालेल का, तर सेक्रेटरी म्हणाले चालेल की, पण प्रवचन नको. आता ख्रिस्ती बाई देवाबद्दल बोलणार आणि त्याचं प्रवचन होणार नाही हे जरा अवघडच आहे, पण ट्राय करते.

विषय असा आहे की देवावर भरवसा टाकायचा आणि आपल्या हातातला कंट्रोल सोडायचा, हे माणूस शिकतो कसं. ऐकायला फार गोड वाटतं. आमच्या उपासनेत कोणीतरी साक्ष देताना हमखास म्हणतंच, "मी सगळं प्रभूच्या हाती सोपवलं." आणि मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणते, बाई गं, म्हणजे नक्की केलंस तरी काय? बिलं भरायची सोडलीस? पोराची ट्यूशन बंद केलीस? तसं काही दिसत तर नाही, काल तर लिडल सुपरमार्केटमध्ये ऑफर शोधत फिरत होतीस!

आपण इथे बसलेले सगळे कंट्रोलवाले लोक आहोत, हे आधी मान्य करू. व्हिसा, आयएलआर म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मॉर्गेज, मुलांना हव्या त्या शाळेत प्रवेश मिळेल असा एरिया म्हणजे कॅचमेंट, सगळ्याची एक्सेल शीट केल्याशिवाय कोणी इथवर पोचलेलं नाही. माझं तर कामच ते. हॉस्पिटलात ऑपरेशनच्या लिस्ट लावते मी, कुठलं थिएटर, कुठला सर्जन, कोण पहिलं, कोण दुसरं, संध्याकाळपर्यंत सगळं चकाचक बसवून घरी यायचं आणि रात्री एखादी इमर्जन्सी आली की सकाळी अख्खी लिस्ट उलटीपालटी. तरी लिस्ट लावायचीच, न लावून कसं चालेल?

आणि घरी आले की दुसरी लिस्ट, नगरच्या आईची. बीपीची गोळी, शुगरची गोळी, डोळ्यात टाकायचे ड्रॉप्स, सगळं व्हॉट्सॲपवर टाइमटेबल करून पाठवलंय, हॉलमध्ये कॅमेरा बसवलाय, इथे बसल्या बसल्या फोनवर दिसतं ती कुठे आहे ते. तर आई काय करते, संध्याकाळी प्रार्थनेला बसली की कॅमेऱ्यावर टॉवेल टाकते. चांगला जाड, चौकड्याचा, पंचाच म्हणा. स्क्रीन काळी झाली की इकडे माझा जीव वर. फोन केला तर म्हणते, "अगं प्रभू बघतोय ना, मग तू कशाला डोळे लावून बसलीस? मला काय म्हणायचंय ते तुझ्यापुढे नाही म्हणायचं." आणि प्रार्थना उरकली की टॉवेल काढून आधी गोळी घेते, ती पण कॅमेऱ्याला दाखवून. म्हणजे बघा, गोळी पण आहे आणि टॉवेल पण आहे, दोन्हीत तिला काही भांडण दिसत नाही.

हे मला नीट कळलं ते पंडिता रमाबाईंमुळे. इथे सगळ्यांना त्या माहीत आहेत, विदुषी, समाजसुधारक, केडगावचं मुक्ती मिशन, एवढं शाळेत असतं. पण आपल्या स्विंडनहून गाडी काढून पूर्वेला गेलं की पाऊण-एक तासाच्या आत वाँटेज लागतं आणि 1883 मध्ये 29 सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा त्या वाँटेजला झाला, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? बाजारात आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे, तिथे आपण कॉफी प्यायला थांबतो की!

रमाबाई इंग्लंडला आल्या त्या डॉक्टर व्हायला. तोवर आईवडील आणि बहीण दुष्काळात गेलेली, भाऊ गेलेला, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेलेला, कडेवर मनोरमा. आईवडील साधेसुधे नव्हते हं, वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, देवावर अपार श्रद्धा असलेले, तीर्थक्षेत्रं फिरत पुराण सांगणारे, आणि तरी दुष्काळात घरची माणसं उपासमारीने गेली. हे मी मुद्दाम सांगतेय. कारण देवावर भरवसा ठेवा म्हणणाऱ्यांचं काही बिघडलेलं नसतं, असं आपल्याला कायम वाटतं. या बाईचं सगळंच बिघडलेलं होतं. आणि त्यावर आणखी एक, इथे आल्यावर कळलं की कानाने कमी ऐकू येतं, ते वाढत चाललंय, डॉक्टरी जमायची नाही. प्लॅन संपला.

आता इथे कोणी कीर्तनकार असता तर म्हणाला असता की मग त्यांनी सगळं देवावर सोडलं आणि शांत झाल्या. कसल्या शांत होतात! वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन, ज्या त्यांच्या धर्ममाता, त्यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार आहे, तो वाचा एकदा. सिस्टर सांगतायत की चर्च सांगतं ते नम्रपणे मान, आणि रमाबाई उलट लिहितायत की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, मी भटभिक्षुकांचं जू मानेवरून नुकतंच उतरवून आलेय, आता दुसरं तसलंच घ्यायची माझी तयारी नाही. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, इथपर्यंत वाद! सिस्टरना त्यात अहंकार दिसला. मला विचाराल तर समर्पण या विषयावर मी ऐकलेल्या सगळ्या प्रवचनांपेक्षा ही पत्रं सरस आहेत. कारण "स्वतःला सोडून दे" म्हणणारा माणूस पुष्कळदा "माझ्या हातात दे" असंच म्हणत असतो, मग तो पाळक असो, सासू असो की ऑफिसातला बॉस. देवाच्या स्वाधीन झालेली बाई माणसांच्या स्वाधीन व्हायला नकार देते, ही गोष्ट आमच्या मंडळीतसुद्धा पुरुषांना फारशी आवडत नाही, म्हणून मी माईक हातात असताना सांगून घेते.

बरं, पुढे. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला रमाबाई अमेरिकेत गेल्या, तिथे भाषणं दिली, आणि 1887 मध्ये बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी असोसिएशन निघाली, तिने हिंदुस्थानातल्या विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. दहा वर्षांची गॅरंटी! आजही कोणी देणार नाही. त्या बळावर 1889 मध्ये मुंबईला शारदा सदन सुरू झालं, मग ते पुण्याला आलं, मग 1893 मध्ये मुलींना बाटवतात म्हणून गदारोळ झाला आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. तेही गेलं बाजूला, कारण मला सांगायचंय ते जमिनीचं.

दहा वर्षं संपणार हे बाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या काही "प्रभू बघेल" म्हणून बसल्या नाहीत. पुणे-दौंड लाइनवर केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली, म्हणजे असोसिएशनचे पैसे थांबले की बागेच्या उत्पन्नावर सदन चालेल. किती शहाणपणाचं प्लॅनिंग आहे बघा. माझ्यासारखीने लावलेली लिस्टच ती!

आणि 1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाग अजून हाताशी आलेली नाही, गॅरंटी संपत आलीय, शिल्लक फारशी नाही, कुठल्याही शहाण्या ट्रस्टीने सांगितलं असतं की आत्ता नवीन माणूस घ्यायचं नाही. बाई तिकडे गेल्या आणि त्या एका फेरीच्या काळात तीनशे मुली-बायका उचलून आणल्या. स्वतः लहानपणी उपाशी फिरल्या होत्या, त्यांना ते चेहरे बघवेनात. त्यात पुण्यात प्लेगची साथ, सरकारी हुकूम की एवढ्या नवीन मुली शहरात ठेवता येणार नाहीत. म्हणून सगळा काफिला केडगावच्या शेतावर. जी जमीन उत्पन्नासाठी घेतली होती तिच्यावर तंबू-झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्ती मिशन म्हणून आपण जे ओळखतो ते तिथे रुजलं. प्लॅनमध्ये यातलं काही नव्हतं, पण प्लॅन केला नसता तर जमीनही नसती आणि विहिरीही नसत्या, हे विसरू नका. (आणि त्याच वर्षी पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांना कसं वागवतात यावर वर्तमानपत्रात खरमरीत पत्र लिहून सरकारलाही घाम फोडला. सोडून द्यायचं म्हणजे गप्प बसायचं नव्हे!)

या सगळ्यात आपल्या इथलं ब्रिस्टलही येतं, ते कसं ते सांगते. त्या काळात रमाबाईंनी तीन माणसांची चरित्रं वाचली, चीनला गेलेल्या हडसन टेलरच्या मिशनची हकिकत, पॅसिफिकमधल्या बेटांवर गेलेल्या जॉन पॅटनचं चरित्र आणि ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं. म्युलर मूळचा जर्मन, 1836 मध्ये ब्रिस्टलला त्याने अनाथ मुलांचं पहिलं घर काढलं, पुढे ॲशली डाउनला मोठमोठ्या पाच इमारती, दोन हजारांवर मुलांची सोय. आणि नियम काय, तर माणसापुढे हात पसरायचा नाही, गरज फक्त देवाला सांगायची. इमारती अजून आहेत, आपल्यातलं एक कुटुंब त्याच्या जवळच राहतं. लोक म्युलरच्या चमत्काराच्या गोष्टी सांगतात, मला त्याची आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचा हिशोब. आलेली प्रत्येक देणगी, अगदी पेनी-शिलिंगपर्यंत, लिहून दर वर्षी छापायचा. ज्याचा भरवसा देवावर आहे त्याचा हिशोब इतका काटेकोर! आम्हाला मात्र वाटतं की भक्त माणूस म्हणजे हिशोबात ढिसाळ. रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच बघा, मोठे कवी, तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारे, हातात आलेला पैसा कोणाला देऊन टाकतील नेम नाही, आणि चूल पेटवायची ती त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी. लक्ष्मीबाईंनी ते इतकं हसत हसत लिहिलंय की आपणही हसतो, पण एकाचा भरवसा म्हणजे दुसऱ्याची ओव्हरटाइम ड्यूटी होता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात कोणी फारच समर्पित असेल तर वाणसामानाची यादी कोण करतंय ते आधी तपासा.

तर ही चरित्रं वाचून रमाबाईंनी स्वतःला विचारलं की हे इंग्लंडात, चीनमध्ये होतं तर हिंदुस्थानात का होऊ नये? पुढे गुजरातच्या 1900 च्या दुष्काळानंतर केडगावला दोन हजारांच्या घरात माणसं होती. त्यांचं रोजचं जेवण, धुणं, पाणी, आजारपण, कल्पना करा. आपण इथे गणपतीला दीडशे पानांचं जेवण काढतो तर आठवडाभर व्हॉट्सॲप ग्रुप पेटलेला असतो. तिथे छापखाना, तेलाचा घाणा, विणकाम, गुरंढोरं, सगळं मुली चालवत. रोज पहाटे प्रार्थना आणि मग दिवसभर काम, हात जोडणं आणि हात चालवणं यात फार अंतर ठेवलेलं नव्हतं.

आता एक नाजूक गोष्ट. कोणी म्हणेल, म्हणजे देवाला मागितलं की तो देतो, असंच ना? नाही हो. क्रूसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने काय केलं ते बघा, आधी सरळ मागितलं, हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख आणि मरण, टळू दे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. घाम गळेपर्यंत. "तुझी इच्छा" हे त्यानंतर आलं. आमच्यातले बरेच जण मागायच्या आधीच "तुझी इच्छा" म्हणून मोकळे होतात, कारण मागून नाही मिळालं तर काय याची भीती. तो भरवसा नाही, ती पळवाट आहे. खरं हवं ते हवं म्हणायचं, रडायचं, हट्ट करायचा, आणि तरी उत्तर त्याच्यावर सोडायचं. आणि प्याला टळला नाही, हे आम्ही गुड फ्रायडेला दर वर्षी ऐकतो, तरी विसरतो.

रमाबाईंचाही टळला नाही. मनोरमा, जिला कडेवर घेऊन त्या इकडे आल्या होत्या, जिला शिकवून तयार केली, मिशनचं सगळं पुढे तिनेच बघायचं असं जवळजवळ ठरलेलं, ती 1921 च्या जुलैत गेली, चाळिसाव्या वर्षी. त्याआधी बाईंनी पैशाची गॅरंटी सोडली होती, बागेची सोडली होती, आता वारसही गेला. या वेळी त्यांनी देवाला काय म्हटलं असेल, मला माहीत नाही आणि त्यावर सुंदर वाक्य रचायची माझी तयारी पण नाही. दिसतं एवढंच की त्या कामाला बसत राहिल्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर चालू होतं, बायकांना वाचता येईल अशा सोप्या मराठीत, ते त्यांनी हातावेगळं केलं आणि 1922 च्या 5 एप्रिलला त्या गेल्या. छापील पुस्तक त्यांच्यामागे, 1924 मध्ये आलं. आणि केडगावचं काम? ते आजही चालू आहे, मनोरमेशिवाय आणि त्यांच्याशिवाय.

माझं विचाराल तर मी अजून लिस्ट लावते, आईचा कॅमेरा पण काढलेला नाही, मला कोणी अजून एवढी पवित्र समजू नये. फरक पडला असेल तर एवढाच की स्क्रीन काळी झाली की मी फोन करत नाही. किचनमध्ये उभी राहून तिचं नाव घेते, मला तू आणखी दहा वर्षं हवीस हे पण सांगते, कारण हवीच आहे. मग भाजी फोडणीला टाकते.

बरं, सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. एक शेवटचं, वसंतात हवा बरी झाली की एका शनिवारी वाँटेजला जायचं चाललंय, जमलं तर दुसऱ्या खेपेला ॲशली डाउनही बघू. ख्रिस्ती असायलाच पाहिजे असं काही नाही, रमाबाई आपल्या सगळ्यांच्या आहेत. गाडीत जागा असणाऱ्यांनी आणि नसणाऱ्यांनी दोघांनीही ग्रुपवर नावं टाका, डबे मात्र घरून आणायचे, मी या वेळी तीस जणांचं करणार नाही. केक कापून ठेवलाय, एग-लेस डाव्या बाजूला आहे.