काकूंची साईट

(दृश्य: वाळूची ट्रॉली. चाकावर पाय देऊन उभ्या काकू, हातात टेप.)

काकू घर बांधतायत, त्याची वाळू आलीय. ट्रॅक्टरवाला म्हणतोय एक ब्रास आहे, आणि काकू वर चढल्यात. लांबी दहा फूट, रुंदी सहा फूट, इथवर भांडण नाही. भांडण उंचीवरनं होतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि १० बाय ६ च्या ट्रॉलीत तेवढा माल बसायला २० इंचाचा थर पाहिजे. मधला ढीग बघितला तर वीसच्या वरच आहे, पण काकूंनी टेप कोपऱ्यात घातला, तिथं चौदा. मग फावडं आणायला लावलं, ढीग सारखा केला, परत मोजलं, साडेसतरा. म्हणजे साडेबारा घनफूट वाळू कागदावरच आलेली. ड्रायव्हर कुठं बघतोय ते बघा.

त्यात वाळू ओली. ओली वाळू फुगते, दाण्याला पाणी धरून राहतं, दाणे एकमेकाला नीट चिकटून बसत नाहीत, त्यामुळं मापाला जास्त भरते, कधीकधी वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत. आता नदीची वाळू कुठं मिळतेय म्हणा, दगड फोडून केलेली क्रश सँडच येते सगळीकडं, पण तीही धुऊन ओली आली की हाच प्रकार. काकूंनी त्या ट्रॉलीचे पैसे साडेसतराच्या हिशोबानं दिले आणि पुढच्या ट्रॉलीपासनं ड्रायव्हर आल्या आल्या स्वतःच ढीग सारखा करायला लागला.

(दृश्य: गावाचा रस्ता, ऊस, मग प्लिंथवर, म्हणजे जोत्यावर, ठेवलेल्या विटा.)

हे कराड तालुक्यातलं एक गाव. काकू अंगणवाडीतनं रिटायर झालेल्या, मुलगा पुण्याला कंपनीत शिफ्टला जातो. जुनं मातीचं घर पाडून त्याच जागेवर हजार फुटाचं आरसीसी घर चाललंय. पायाचं काम आम्ही कॅमेरा घेऊन पोचायच्या आधीच झालेलं, त्यामुळं ते तुम्हाला दिसणार नाही, काळी जमीन होती, खोल जावं लागलं एवढंच सांगतो.

मुलाचं म्हणणं होतं विथ मटेरियल देऊन टाकू. फुटाला एक रेट, आपल्याला काही बघायला नको, डायरेक्ट चावी हातात. काकूंनी ऐकलं नाही, आणि आमच्या मते बरंच केलं. विथ मटेरियलमध्ये सिमेंट कुठल्या कंपनीचं, सळई किती, वीट कुठल्या भट्टीची, हे सगळं ठेकेदाराच्या डोक्यात असतं, आणि त्याला वाचवायचं असतं ते ह्यातनंच. काकूंनी मटेरियल स्वतःकडं घेतलं आणि मजुरी फक्त मिस्त्रीला उक्ती दिली, म्हणजे रोजावर नाही, कामाच्या मापावर, स्लॅबच्या फुटाला ठरवून.

आता उक्तं म्हटलं की माणूस काम उरकायला बघतो, आणि रोजंदारी म्हटलं की काम संपतच नाही, हे कुठल्याही गवंड्याला विचारा, तो हसून हो म्हणेल. काकूंनी दोन्ही केलं. पिलर, बीम, स्लॅब, भिंती, प्लास्टर उक्तं. आणि ज्याचं माप धड काढता येत नाही असलं, चुलीचा ओटा, पाण्याची टाकी, जुन्या भिंतीचा जोड, हे रोजंदारीवर, तेही त्या समोर खुर्ची टाकून बसणार असतील त्याच दिवशी.

(दृश्य: रेघांच्या वहीचं पान, काकूंचं अक्षर.)

हे पान जरा थांबवून वाचा. छज्जा मापात धरायचा का, जिन्याचं माप कसं, मिक्सरचं भाडं कुणाचं, डिझेल कुणाचं, सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीटला खालनं आधार द्यायच्या प्लेटा मिस्त्रीच्या का आपल्या, तोडफोड झाली तर परत करायची मजुरी कोण देणार. खाली मिस्त्रीची सही. गावात घर बांधताना मालक आणि मिस्त्री यांची जी भांडणं होतात त्यातली निम्मी तरी ह्या पाच-सहा ओळींची असतात, रेटवरनं कुणी एवढं भांडत नाही. पैसे टप्प्यानं, प्लिंथ, लिंटेल (दार-खिडकीवरची पट्टी), स्लॅब, प्लास्टर, आणि दहा टक्के शेवटपर्यंत काकूंच्या हातात.

(दृश्य: सळईचा टेम्पो, सळयांवर खडूच्या खुणा.)

सळई वजनावर येते आणि वजनकाट्याची पावतीही येते, मग मोजायचं कशाला असं आम्हीच त्यांना विचारलं. त्यांनी वहीचं मागचं पान दाखवलं. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याला त्यानंच गुणायचं, १६२ नं भागायचं, एका मीटरचं वजन किलोत निघतं. बारा एमएमची सळई, बारा बारे १४४, भागिले १६२, म्हणजे मीटरला ८८८ ग्रॅम, आणि सळई १२ मीटरची, म्हणजे एक नग साडेदहा किलोच्या थोडं वर. टेम्पोतले नग मोजायचे, गुणायचं, पावतीशी लावून बघायचं. थोडा फरक राहतोच, कंपनीच्या मापात तेवढं चालतं, पण दहा नगांचा फरक असेल तर तो कंपनीचा नसतो. हे सूत्र त्यांना इंजिनिअरनं सांगितलं नाही बरं का, सळई बांधणाऱ्या फिटरनं सांगितलं, चहा पिताना.

आणि कापून राहिलेले तुकडे आतल्या खोलीत कुलपात. भंगारवाल्याची गाडी कधी येते हे साईटवर सगळ्यांना पाठ असतं.

(दृश्य: संध्याकाळ. ओट्यावर काकू, समोर मिस्त्री आणि बिगारी, वही, नोटा.)

आमचं सगळ्यात आवडतं फुटेज हे. काम उक्तं असलं तरी बिगाऱ्यांची हजेरी काकूंच्या वहीतही असते. पूर्ण दिवस उभी रेघ, अर्धा दिवस तिरकी, खाडा म्हणजे टिंब. पगार बाजाराच्या आदल्या दिवशी, अंधार पडायच्या आत. मिस्त्रीला आठवड्याची रक्कम द्यायची आणि त्यानं ती तिथंच, ओट्यासमोर, माणसांत वाटायची, ही काकूंची अट. मिस्त्री पहिल्यांदा फुगला होता, माझ्यावर विश्वास नाही का काकू म्हणाला. काकू म्हणाल्या, तुमच्यावर आहे हो, तुमच्या उचलीवर नाही.

उचल हा विषय मोठा आहे. उचल दिली नाही तर माणूस दुसऱ्या साईटवर जातो, आणि जास्त दिली तर ती फिटेपर्यंत येतच नाही. त्यात ऊस सुरू झाला की बिगारी मिळत नाही, जत्रा आली की गवंडी गायब, कुणाच्या घरी बारसं, कुणाचं लग्न. काकूंचा हिशोब सरळ आहे, झालेल्या कामाच्या पुढं पैसा जाऊ द्यायचा नाही, पण दवाखाना किंवा शाळेची फी असेल तर नाही म्हणायचं नाही, वहीत लाल पेनानं लिहायचं. बायकांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, पुरुषांपेक्षा कमी लावायची पद्धत ह्या भागातही आहेच, घमेली तेवढीच उचलतात तरी. काकूंनी आपल्या रोजंदारीच्या कामात ती सारखी केली, उक्त्यात मिस्त्रीनं केली नाही.

ह्याच ओट्यावर एक बाई कागद घेऊन आल्यात बघा. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. काकूंनी वही उघडली, त्यांच्या रेघा मोजल्या आणि जेवढ्या भरल्या तेवढ्याच लिहून सही केली. बाकीचे दिवस दुसऱ्या साईटचे, तिथं वही नव्हती.

(दृश्य: स्लॅबचा दिवस. सकाळ, नारळ, मिक्सर सुरू.)

स्लॅब. ह्याच्यासाठी आम्ही दोन कॅमेरे लावले होते. टोळी विजापूरकडची, मुकादम कन्नडमध्ये ओरडतो आणि शिव्या मराठीत देतो. हजार फुटाचा पाच इंची स्लॅब म्हणजे ४१६ घनफूट काँक्रीट, बीम सोडून. दीडास तीनचा माल धरला, म्हणजे एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी, तर नुसत्या स्लॅबला नव्वद-पंच्याण्णव पोती लागतात. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ ला २८ टक्क्यांवरनं १८ वर आला, काकूंचा स्लॅब दिवाळीनंतरचा, त्यामुळं तेवढं तरी पथ्यावर पडलं.

मिक्सरशेजारी काकूंचा स्टीलचा डबा बघा. एक पोतं फुटलं की डब्यात एक चिंचोका. आणि रिकामी पोती दहा-दहाचे गठ्ठे बांधून बाजूला. संध्याकाळी चिंचोके आणि पोती जुळली पाहिजेत. मुकादम सकाळी हसत होता, दुपारी स्वतःच ओरडून सांगायला लागला, काकी, टाका.

पण खरी झटापट पाण्यावर. माल पातळ असला की पटापट पसरतो, टोळी लवकर मोकळी होते, म्हणून मिक्सरवाला जरा नजर चुकली की बादली ओततो. एका पोत्याला साधारण २५ ते २७ लिटर, त्याच्यावर गेलं की काँक्रीटची ताकद जाते, नंतर कितीही पाणी मारा, परत येत नाही. काकूंनी त्याच्या बादलीवर आतनं रंगानं रेघ मारून ठेवली होती. रेघेच्या वर पाणी दिसलं की मिक्सर बंद. दोनदा बंद केला, दोन्ही वेळा मुकादम तणतणला, दोन्ही वेळा रेकॉर्ड झालंय, आवाज मुद्दाम ठेवलाय.

वर चढलेला कॅमेरा बघा. सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला वर धरणारे छोटे ठोकळे, लावलेत, पण घमेलेवाले सळईवरनंच चालतात आणि जाळी खाली बसते. एक पोरगा फक्त त्याच कामाला ठेवलाय, हुक घेऊन जाळी वर उचलत मागं मागं जातोय. त्याची हजेरी काकूंनी वेगळी दिली, उक्त्यात नाही. काँक्रीट हलवून नीट बसवायचा व्हायब्रेटर मध्येच बंद पडला, शेजारच्या गावातनं दुसरा आणला, तेवढा वेळ बीमचा माल थांबवून ठेवला. अंधार पडायला शेवटची पाटी. मग जेवण, मटण आणि जिलबी, टोळी एका पंगतीत, मिस्त्री वाढतोय.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी बांधून पाणी कोंडलं. पाणी मारायला माणूस लावला नाही, ते काकूंनी स्वतः केलं, सकाळी आणि संध्याकाळी, पाईप घेऊन.

(दृश्य: प्लास्टर झालेलं घर, बाहेरून.)

पुढचं थोडक्यात. बजेट टाईल्स आणि खिडक्यांत पुढं गेलं, काही सोनं तारण ठेवावं लागलं. प्लास्टरच्या वेळी परांचीवरनं एक बिगारी पडला, हात मोडला, दवाखान्याचं बिल मिस्त्री आणि काकूंनी निम्मं निम्मं भरलं, त्याची दीड महिन्याची हजेरी बुडाली ती कुणी भरली नाही. काकूंच्या गुडघ्यांनी त्रास सुरू केलाय.

(दृश्य: नवीन बाथरूम. काकू, मिस्त्री, पाण्याची बादली.)

शेवटचा दहा टक्क्याचा हिशोब राहिलाय. मिस्त्री म्हणतो काम पूर्ण झालं, काकूंनी बादलीभर पाणी फरशीवर ओतलं. पाणी जाळीकडं जायला पाहिजे, ते दाराकडं आलं. मिस्त्रीनं लेव्हल पाईप मागितला, दोन टाईल्स काढाव्या लागतील म्हणाला, आणि त्या टाईल्सचे पैसे कुणी द्यायचे ह्यावर दोघंही वहीचं पहिलं पान काढून बसलेत.