आठवण जुनी व्हावी म्हणून

[दृश्य: चर्चगेट, संध्याकाळ. फलाटावर बोरिवली फास्ट लागते आहे.]

11 जुलै 2006. ऑफिस सुटायच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये 11 मिनिटांत स्फोट झाले. लगोलग गाड्या सुरू झाल्या आणि मुंबईच्या ‘स्पिरिट’चं कौतुकही. त्या कौतुकात काही माणसं झाकली गेली. अंगावरची जखम भरते, नोकरी टिकते; पण डब्यात काही आदळलं की छाती धडधडते आणि पुढच्या स्टेशनला उतरावंच लागतं. ‘झालं गेलं विसर,’ असं घरचे मायेनंच सांगतात. पण असा आघात जुना होत नाही. तो आत्ताच घडतोय, असं शरीर धरून चालतं.

अशा आठवणींवर काम करणारी एक उपचारपद्धती आहे, ईएमडीआर (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग). 1987मध्ये अमेरिकेच्या फ्रान्सिन शपिरो यांना बागेत फिरताना जाणवलं, की नजर भराभर डावी-उजवीकडे गेली की त्रासदायक विचारांची धार कमी होते. त्यातून ही पद्धत उभी राहिली. 2013मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजारासाठी, तिची शिफारस केली.

[दृश्य: थेरपिस्टची खोली. दोन खुर्च्या, किंचित तिरक्या.]

थेरपिस्ट विचारतात, ‘त्या प्रसंगातलं सगळ्यात नकोसं चित्र कोणतं? शून्य ते दहामध्ये त्रास किती?’ उत्तर येतं, ‘नऊ.’ चित्रासोबत एक वाक्यही रुतलेलं असतं: ‘मी कुणालाच वाचवू शकलो नाही.’ ते मनात धरायचं आणि नजर समोरच्या दोन बोटांमागे न्यायची. डावीकडे, उजवीकडे. अर्ध्या मिनिटानं बोटं थांबतात. ‘श्वास घ्या. आता काय येतंय?’ जे येईल ते सांगायचं. तपशीलवार कहाणी सांगायची सक्ती नाही. मग पुन्हा बोटं.

हे कसं घडतं? एक स्पष्टीकरण असं: बोटांचा माग काढताना प्रसंग तितकाच ठळक धरून ठेवणं मेंदूला झेपत नाही, म्हणून चित्र फिकं पडत जातं. डोळ्यांची हालचाल नेमकी किती गरजेची, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्याआधीची तयारी. उपचाराचे आठ टप्पे असतात. आठवणीला हात घालण्याआधी मन शांत करायच्या युक्त्या शिकवल्या जातात.

[दृश्य: छातीवर फुलीसारखे ठेवलेले दोन हात, आलटून पालटून थोपटताना.]

त्यातलीच ही एक, ‘बटरफ्लाय हग’. 1997च्या पॉलिन चक्रीवादळातून वाचलेल्यांसोबत काम करताना ती मेक्सिकोत आकाराला आली. जीव घाबरा झाला तर घरी जरूर करा. मोठा आघात मात्र व्हिडिओ बघून एकट्यानं उकरू नका. थेरपिस्टला बेधडक विचारा, ईएमडीआरचं प्रशिक्षण कुठे घेतलंत? सत्रात मी फार अस्वस्थ झालो, तर काय कराल?

कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, तर 14416. ‘टेली मानस’, मानसिक आरोग्यासाठीची हेल्पलाइन, सरकारी आणि मोफत. मराठीत बोलता येतं.